अंग उलते तेव्हा

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन गोष्टींची आठवण न चुकता निघते. एक फराळाच्या डब्यांची आणि दुसरी तीन वर्षांपूर्वीच्या एका चादरीची. पहिलीविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी दुसरीविषयी लिहितो.

माझी आई सारा जन्म कोकणात राहिली. वडील गेल्यावर, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मी तिला पुण्याला आणले. ती आली नाही, मी आणले, हे येथेच कबूल करतो. कार्तिकात थंडी पडू लागली तशी ती रात्र रात्र कूस बदलू लागली. विचारले तर म्हणे, "अरे, म्हातारपणी झोप कसली?" हे उत्तर मला फार सोयीचे होते. दिवसा ती पदराआडून दंड खाजवताना दिसे. एकदोनदा मी चक्क वैतागलोही. "सारखी काय खाजवतेस? हिवाळ्यात सगळ्यांचेच अंग फुटते!"

पुढे एका रविवारी चादरी धुवायला काढताना आमच्या सौभाग्यवतींना पायगतीला रक्ताचे बारीक डाग दिसले. साडी जराशी वर करून पाहिले, तो दोन्ही नडग्या उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारख्या भेगाळलेल्या आणि त्यांवर नखांचे ओरखडे! "सांगितले का नाहीस?" मी विचारले. ती म्हणाली, "तूच म्हणालास ना, सगळ्यांचेच फुटते." आणि मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "मला आपली घरी पोहोचव."

दुसऱ्याच दिवशी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मलम लिहून देण्याआधी एकच गोष्ट खोदून खोदून विचारली: आंघोळ कशी करता? आईने अभिमानाने सांगितले. आधी अंगाला खोबरेल चोळायचे, मग दोन बादल्या कढत पाणी, साबण लावून तेल पार काढायचे, पायांना वज्री, आणि शेवटी खरखरीत पंचाने अंग लाल होईतो पुसायचे. खाज फार सुटली की संध्याकाळी पुन्हा कढत पाणी, कारण तेवढ्यापुरते बरे वाटते. "गीझर आहे, हवे तेवढे कढत पाणी घे," असे तिला कोणी सांगितले होते, ते वाचकांनी ओळखलेच असेल.

डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचे घर जांभ्या चिऱ्यांचे ना? कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे तशीच भिंत समजा. तळहात-तळपाय सोडले तर ती कागदाहूनही पातळ आहे. निर्जीव पेशी हे चिरे, आणि मधली स्निग्ध द्रव्ये हा चुना. चुना शाबूत असला की आतले पाणी आत राहते. कढत पाणी आणि साबण तो चुनाच धुऊन नेतात. वय झाले की अंगाला तेल सुटणेही कमी होते, आणि पुण्याची थंडी म्हणजे कोरडी हवा, ती उरलेला ओलावा ओढून घेते."

"म्हणजे मी रोज चुनाच उकरत होते म्हणायची!" आई म्हणाली. तिला जे एका वाक्यात समजले, ते मला समजायला घरी येऊन पुन्हा विचार करावा लागला. व्याकरण शिकवणाऱ्याची खोड म्हणा, पण त्या रात्री मला आपल्या भाषेचेही नवल वाटले. 'स्नेह' म्हणजे तेल आणि 'स्नेह' म्हणजे माया. 'रूक्ष' कातडीही असते आणि बोलणेही. दोन्हींची उदाहरणे माझ्याच घरी होती.

असो. उपाय म्हणाल तर फार मोठा नव्हता. क्रम तेवढा बदलायचा होता. पाणी कोमट, आंघोळ पाचदहा मिनिटांत उरकायची. साबण काखा, जांघा आणि पावले यांनाच. तोही सौम्य, कारण नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो आणि निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी. वज्री बंद. अंग पुसायचे नाही, टिपायचे. आणि ते ओलसर असतानाच, दोनतीन मिनिटांच्या आत, दाट मलम लावायचे. मुख्य मेख येथेच आहे. तेल काय, मलम काय, ते कातडीला फारसे पाणी देत नाही. असलेले पाणी उडू देत नाही. साधे व्हॅसलीन या कामी उत्तम. (१८७२ मध्ये रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन गृहस्थाने त्याचे पेटंट घेतले.) खोबरेलही चांगले, पण आंघोळीनंतर. टाचांच्या जाड भेगांना युरिया असलेले मलम डॉक्टर देतात. तांबेभर पाणी जास्त पिऊन कातडी मऊ होते, ही मात्र भाबडी समजूत.

खाज महिनोन् महिने हटत नसेल तर मात्र केवळ थंडीवर खापर फोडू नये. मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड, रक्तातील लोहाची कमतरता यांपैकी काहीही तिच्यामागे असू शकते. आईचे रक्त तपासले. सुदैवाने सर्व ठीक निघाले. मधुमेह्यांनी टाचांच्या भेगांना विशेष जपावे. त्यांच्या पायांना घाम कमी येतो, संवेदनाही मंदावते, आणि भेगेतून जंतू शिरले तरी पत्ता लागत नाही. ब्लेडने कातडे खरवडणे तर त्यांनी मनातही आणू नये. दिवाळीपुरते आणखी एक: मलम मुरलेले कापड चटकन पेट घेते, तेव्हा अशा साडीचा पदर पणत्यांपासून दूर असावा. आणि तेलकट तळव्यांनी न्हाणीघरात चालू नये.

पंधरवड्यात आईची खाज उतरली, महिन्याभरात ती सलग झोपू लागली. पहिले काही दिवस मलम मीच लावीत असे. "पुरे रे, कॉलेजला उशीर होईल," असे ती म्हणे, पण पाय मागे घेत नसे.

पुढल्या दिवाळीत अभ्यंगस्नानाचा प्रश्न आला. तेल-उटण्यावाचून नरकचतुर्दशी कशी व्हायची? आईनेच तोड काढली. उटणे दुधात भिजवून हलक्या हाताने लावायचे, नडग्या वगळायच्या, आणि न्हाऊन आल्यावर पुन्हा मलम. बादलीत मात्र तिने आधी बोट बुडवून पाहिले. गीझरच्या बाबतीत तिचा माझ्यावर अजून भरवसा नाही.

त्यानंतरच्या वैशाखात ती हट्टाने गावी गेली. परत येईल की नाही, याची मला धाकधूक होती. तिकीट मी एकाच बाजूचे काढले होते, कारण दुसऱ्या बाजूचे विचारायचा धीर झाला नाही. ज्येष्ठ लागता लागता ती आली. पिशवीत आमसुले होती, आणि केळीच्या पानात बांधलेला भिरंडेलाचा गोळा होता. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर येणारी ही चरबी. गार झाली की दगडासारखी घट्ट, आणि जराशी ऊन केली की लोण्यासारखी पसरते. कोकणात फुटलेल्या टाचांना तीच लावतात.

तो गोळा आता आमच्या फडताळात डॉक्टरांच्या मलमाशेजारी असतो. थंडीत दोन्ही झिजतात. कोणत्या दिवशी काय लावले ते आई सांगत नाही, आणि मीही विचारीत नाही.