नंबर बेचाळीस आणि सकाळची गोळी

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. माझे मामा मुखेड तालुक्यातील एका खेड्यात राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा जुना. तपासणीसाठी त्यांना नांदेडला यायचे होते. आदल्या दिवशी मी दवाखान्यात फोन करून नंबर लावला. बेचाळिसावा नंबर मिळाला आणि ‘सकाळी नऊपर्यंत या’ असे सांगण्यात आले. मामा पहाटे उठले. रक्त तपासावे लागेल, या समजुतीने त्यांनी काही खाल्ले नाही. साखरेची नित्याची गोळी मात्र न चुकता घेतली आणि पहिल्या एसटीने निघाले.

दुपारी एक वाजता आत एकोणतिसावा रुग्ण गेला होता. मामांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलण्यात विसंगती आली. शेजारी बसलेल्या एका बाईंच्या घरी मधुमेही रुग्ण असावा. त्यांनी चटकन ओळखले आणि पिशवीतून खडीसाखर काढून मामांच्या तोंडात घातली. आत नेऊन तपासले तेव्हा रक्तातील साखर अवघी ५४ भरली.

संध्याकाळी मी मामांना विचारले, “अंगाला कापरे भरले तेव्हाच काउंटरवर का सांगितले नाही?”

“अरे, सगळेच बसले होते की. आपणच कसं मधी घुसावं?”

चूक मामांची नव्हती, माझी होती. मी नंबर विचारला आणि फोन ठेवला. ज्यांना औषधे आणि जेवण वेळेवर घ्यावे लागते, अशा वयोवृद्धांसाठी केवळ नंबर पुरेसा नसतो. दवाखान्यातील तो दिवस कसा जाणार आहे, हे आधी ठरवावे लागते. या अंकात त्याविषयी.

नंबर म्हणजे वेळ नव्हे

नांदेडची डॉक्टर लेन असो की लातुरातील दवाखाने, तेथील बाकांवर केवळ शहरातील रुग्ण नसतात. नांदेडला किनवट, देगलूर, हिंगोली, उमरखेड आणि तेलंगणाच्या सीमेवरील गावांतून लोक येतात. लातूरला उदगीर, निलंगा, धाराशिव, बीदर या भागांतून येतात. बहुतेक दवाखान्यांत आजही नंबराची पद्धत आहे. कोठे फोनवर, कोठे व्हॉट्सअ‍ॅपवर, तर कोठे सकाळी वहीत नाव लिहून नंबर मिळतो. नंबर आपला क्रम सांगतो, वेळ सांगत नाही. मध्येच अत्यवस्थ रुग्ण येतो, डॉक्टरांना वॉर्डात किंवा शस्त्रक्रियेसाठी जावे लागते, कालचे रुग्ण आज रिपोर्ट दाखवायला येतात. यात कोणाचा दोष नसतो. परंतु दहा वाजताचा अंदाज दोनपर्यंत लांबतो.

म्हणून फोनवर नंबर मिळाल्यानंतर आणखी काही प्रश्न अवश्य विचारावेत.

१. डॉक्टर त्या दिवशी नक्की आहेत का, आणि तपासणीस किती वाजता बसतात?

२. आमचा नंबर साधारण किती वाजता येईल? निघण्यापूर्वी फोन केल्यास चालू नंबर कळेल का?

३. उपाशीपोटी यायचे की खाऊन? नेहमीच्या गोळ्या घ्यायच्या का?

४. तपासण्या सांगितल्या, तर त्यांचे रिपोर्ट त्याच दिवशी दाखवता येतील का? त्यासाठी पुन्हा नंबर लावावा लागतो का?

५. दवाखाना वरच्या मजल्यावर असल्यास लिफ्ट किंवा चाकाची खुर्ची आहे का?

आपण परगावाहून येत आहोत आणि परतीची शेवटची गाडी अमुक वाजता आहे, हेही तेव्हाच सांगावे. काउंटरवरील व्यक्तीला ते आधी कळले, तर बहुतेक वेळा ती काही ना काही सोय करते. ऐन गर्दीत सांगितले, तर तिचाही नाइलाज होतो. रविवारी बंद असणाऱ्या दवाखान्यांत सोमवारी आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी गर्दी अधिक असते. नियमित तपासणीसाठी आठवड्याचा मधला दिवस निवडावा.

उपास, गोळी आणि पाणी

उपाशीपोटीच्या साखरेसाठी किमान आठ तासांचा उपास लागतो. त्या काळात साधे पाणी चालते. जेवणानंतरची साखर जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी तपासतात. गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणाऱ्या एचबीए-वन-सी तपासणीसाठी मात्र उपास करावा लागत नाही. तेव्हा कोणती तपासणी होणार आहे, हे न विचारता उपाशी राहणे व्यर्थ असते आणि मधुमेही वृद्धांसाठी धोक्याचेही असते.

ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांमुळे, पोटात अन्न नसल्यास, साखर वेगाने खाली येते. म्हणून तपासणीच्या दिवशी साखरेचे औषध केव्हा घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे. रक्तदाबाची गोळी सहसा नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर घ्यावयाची असते. तरीही एकदा विचारून घ्यावे. सर्वांत सोयीचा मार्ग असा, की डॉक्टरांनी सांगितलेल्या नित्याच्या तपासण्या एक-दोन दिवस आधी तालुक्याच्या गावीच करून घ्याव्यात आणि रिपोर्ट हातात घेऊन, व्यवस्थित न्याहारी करून निघावे.

पिशवीत नेहमी थोडी साखर, बिस्किटे आणि पाण्याची बाटली ठेवावी. घाम, थरथर, एकाएकी लागलेली भूक, चिडचिड, गोंधळलेले बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. ७० च्या खाली गेलेली साखर कमीच समजावी. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि नंतर खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तत्काळ डॉक्टरांना बोलवावे.

अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, दवाखान्यात जायचे म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. परक्या ठिकाणी स्वच्छतागृह कोठे शोधायचे, हा संकोच त्यामागे असतो. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो. लघवीची गोळी घेणाऱ्यांना अशा उन्हात चक्कर येऊ शकते. सोबत आलेल्या माणसाने पोहोचताच स्वच्छतागृह पाहून ठेवावे आणि स्वतःहून पाणी द्यावे.

रक्तदाब मोजण्यापूर्वी किमान पाच मिनिटे शांत बसलेले असावे. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको. लघवीची भावना असल्यास ती आधी उरकावी. जिना चढून धापा टाकत आत गेलेल्या रुग्णाचा रक्तदाब वाढलेला दिसू शकतो आणि त्यावरून औषध वाढण्याची शक्यता असते.

सरकारी रुग्णालयात जाताना

विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, अशा मोठ्या रुग्णालयांत दिवसाची सुरुवात केस पेपर काढण्यापासून होते. त्या खिडकीची वेळ सकाळची असते, म्हणून लवकर पोहोचावे. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक विभागात डॉक्टरांची पथके असतात. त्यांना युनिट म्हणतात आणि त्यांचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. पहिल्या भेटीतच ‘आमचे युनिट कोणते आणि वार कोणता’ हे विचारून केस पेपरवर लिहून घ्यावे. पुढच्या वेळी त्याच वारी गेल्यास आपला आजार ठाऊक असलेले डॉक्टर भेटण्याची शक्यता वाढते. काही सरकारी रुग्णालयांत आभा क्रमांकाशी जोडलेल्या मोबाइल अ‍ॅपने क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणीचे टोकन मिळते. नातवंडांनी हे काम शिकून घ्यावे. आजोबांचा रांगेतील वेळ वाचेल.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाकडे येतात, त्यामुळे तेथे हा निर्णय आपोआप लागू होत नाही. केवळ रिपोर्टचा अर्थ समजून घ्यायचा असेल किंवा किरकोळ तक्रार असेल, तर गावच्या आरोग्य उपकेंद्रातून ई-संजीवनीद्वारे डॉक्टरांचा सल्ला मिळू शकतो का, हे आधी विचारावे. शंभर किलोमीटरची एक खेप त्यामुळे वाचू शकते.

प्रवासासाठी आधार कार्ड जवळ ठेवावे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ वयोगटास निम्मे भाडे पडते. ७० वर्षांवरील नागरिकांसाठी असलेले आयुष्मान वय वंदना कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहे. ओपीडीची फी त्यातून भागत नाही, हे जाणून पैसे बरोबर घ्यावेत.

फाईलच्या वर एक कागद

चार तास वाट पाहिल्यानंतर डॉक्टरांसमोर मिळतात ती काही मिनिटे. त्यातील निम्मी पिशवीतून कागद शोधण्यात जाऊ नयेत. फाईलच्या सर्वांत वर एक कागद असावा. त्यावर रुग्णाचे नाव व वय, जुने आजार व शस्त्रक्रिया, चालू असलेल्या गोळ्या व त्यांच्या वेळा, न सोसणारी औषधे आणि घरच्या माणसाचा मोबाइल क्रमांक लिहावा. खाली या भेटीचे तीनच प्रश्न असावेत. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पहिला लिहावा. उठता उठता आठवलेल्या प्रश्नाला सावकाश उत्तर मिळत नाही. आयुर्वेदिक किंवा गावठी औषध चालू असल्यास तेही संकोच न करता लिहावे.

निघण्यापूर्वी पुढील तारीख विचारून घरच्या दिनदर्शिकेवर नोंदवावी आणि त्या तारखेपर्यंत गोळ्या पुरतील का, हे मोजून पाहावे. जाणे जमणार नसेल तर फोन करून नंबर रद्द करावा. आपली रिकामी जागा दुसऱ्या एखाद्या आजींना मिळते.

जेथे नंबर नसतो

छातीत दुखणे किंवा दडपण, दम लागणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, जीभ जड होणे, एकाएकी गोंधळणे, शुद्ध हरपणे. यांपैकी काहीही दिसल्यास नंबराची वाट पाहू नये. घरी असाल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा निःशुल्क आहे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून लक्षण कधी सुरू झाले ती वेळ लिहून ठेवावी. दवाखान्यात बसलेले असाल तर सरळ काउंटरवर जाऊन मोठ्याने सांगावे, “रुग्णाला आत्ता त्रास होतो आहे.” ते सांगणे म्हणजे रांग मोडणे नव्हे. बाकावरील इतरांनीही अशा वेळी वाट करून द्यावी.

आपली वडीलधारी माणसे भिडस्त असतात. दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून स्वतःचा त्रास गिळण्याची त्यांना आयुष्यभराची सवय असते. तेव्हा बोलण्याची जबाबदारी सोबत गेलेल्याने घ्यावी.

या जूनमध्ये मामांची पुढची तपासणी झाली. रक्ताचे रिपोर्ट मुखेडलाच दोन दिवस आधी काढले. फोनवर विचारले, तेव्हा ‘साडेअकराला या’ असे उत्तर मिळाले. मामा भाकरी खाऊन, गोळी घेऊन निघाले आणि दीड वाजता परतीच्या गाडीत बसलेही. खिशात मामींनी बांधून दिलेली साखरेची पुडी होती. ती या वेळी सोडावी लागली नाही.