आठ गोल नेमके कोणावर झाले?

११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर, सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात अमेरिकेने भारताला ८-० असे हरवले. तीन दिवसांनी मोरोक्कोने ३-०, मग १७ तारखेला ब्राझीलने ५-०. तीन सामने, सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. या मुलींना हसणारे तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांना एवढेच विचारायचे आहे, हे सोळा गोल नेमके कोणावर झाले?

भारताला त्या स्पर्धेतली जागा यजमान म्हणून मिळाली होती, पात्रता फेरी जिंकून नव्हे. स्पर्धेला दोन महिनेही उरले नव्हते तेव्हा फिफाने आपल्या फुटबॉल महासंघालाच निलंबित केले आणि यजमानपदही धोक्यात आले. भांडणे खुर्च्यांची होती, टांगणीला लागल्या त्या मुली. संघाची कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या सन्मानार्थ गावात रस्ता सुरू झाला आणि त्याच रस्त्याच्या कामावर तिचे आईवडील रोजंदारीने राबत होते. देश मुलीला रस्ता देतो, पण तिच्या घराला पोट भरण्यासाठी त्यावरचीच खडी वाहायला लावतो. अशा घरातून आलेल्या मुलीकडून अमेरिकेला रोखण्याची अपेक्षा करायची आणि ती हरली की हसायचे, याला बेशरमपणा म्हणतात.

आता आपल्या समाजाबद्दल. त्यानंतर दोनच महिन्यांनी मोरोक्कोच्या पुरुष संघाने कतारमध्ये उपांत्य फेरी गाठली, तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांच्या मोबाईलवर त्यांचा झेंडा झळकला. पण त्याच मोरोक्कोच्या मुली आपल्या देशात येऊन खेळून गेल्या, हे किती जणांना ठाऊक होते? मुलांचा विजय उम्मतचा आणि मुलींचा खेळ कोणाचाच नाही? मोरोक्कोने प्रशिक्षण केंद्रे उभारली, मुलींच्या लीगवर पैसा खर्च केला. २०२५ ते २०२९ अशा सलग पाच वर्षांचे मुलींच्या विश्वचषकाचे यजमानपद आज त्यांच्याकडे आहे. तोही मुस्लिम देशच आहे. म्हणजे अडसर धर्माचा नाही, आपल्या नियतीचा आणि नियोजनाचा आहे.

प्रेषितांनी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. सांगणारा घरी जातो आणि बारा वर्षांच्या लेकीला म्हणतो, आता पुरे झाले धावणे. कारण विचारले तर दीन पुढे करतो. खरे कारण असते शेजारी काय म्हणतील. शेजाऱ्याच्या भीतीला शरियतचे नाव देऊ नका.

पण दुसऱ्या बाजूलाही सोडून चालणार नाही. २०११ मध्ये इराणच्या मुलींना डोके झाकले म्हणून ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळू दिला नाही. फुटबॉलच्या नियमांत हिजाबला कायमची मान्यता मिळायला २०१४ उजाडले. २०१६ मध्ये जॉर्डनमधल्या याच सतरा वर्षांखालील विश्वचषकात मुली हिजाब घालून खेळल्या आणि काहीही बिघडले नाही. तरी फ्रान्समध्ये महासंघाची बंदी न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवली. एक म्हणतो झाकल्याशिवाय खेळू नको, दुसरा म्हणतो झाकून खेळू नको. दोघांच्या बोलण्यातून ‘खेळू नको’ एवढेच मुलीच्या वाट्याला येते.

आपल्या नगरकडे पाहा. अहमदनगर की अहिल्यानगर, यावर आपण किती वर्षे घसा कोरडा केला. एका नावामागे चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई. दुसऱ्या नावाच्या बाजूने बोलणारे अभिमानाने चांदबीबी सांगतात. १५९५-९६ मध्ये अकबराच्या फौजेपुढे भुईकोट किल्ला लढवणारी ती निजामशाहीची लेक. शहराबाहेरच्या डोंगरावरच्या इमारतीला आपण ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतो. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. नाव बाईचे, जागा पुरुषाची. आपल्या अभिमानाचे सगळे गणित यात आले. दोन्ही बाजूंना राण्या हव्यात, पण मेलेल्या. जिवंत पोरगी मैदान मागते तेव्हा दोन्ही बाजू गप्प.

म्हणून मागणी साधी आहे. वाडिया पार्कवर आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलींसाठी राखीव वेळ, बाई प्रशिक्षक, स्वच्छ संडास, कपडे बदलायला बंद खोली. महापालिका आणि क्रीडा खात्याने हे करावे. आणि मुकुंदनगर, झेंडीगेटच्या जाणत्यांनी ईदमिलनाचा मंडप एका वर्षी लहान करून त्या पैशांत वीस मुलींना बूट घ्यावेत. डोके झाकायचे की नाही, ते त्या मुली ठरवतील.

२०२५ मध्ये भारताच्या सतरा वर्षांखालील मुली उझबेकिस्तानला २-१ ने हरवून आशियाई स्पर्धेला पात्र ठरल्या. या वेळी यजमानपदाची मेहेरबानी नव्हती, जागा त्यांनी खेळून मिळवली. मुलींनी आपले काम केले आहे. आता पाळी आपली आहे.