पिवळा दिवा काय सांगतो?

"मामू, जरा गाडी बघता का?"

जुलैतल्या एका रविवारी जोहरची नमाज पढून घरी येतो तोच भाचा दारात उभा. बाहेर भिवपुरीचा नेहमीचा पाऊस, समोरच्या खाचरात गुडघाभर पाणी, आणि अंगणात त्याची चार महिन्यांपूर्वी घेतलेली सेकंडहँड पेट्रोल गाडी. ही गाडी त्याने हौसेसाठी घेतलेली नाही. माझ्या मेव्हण्यांना दमा आहे. रात्री-अपरात्री श्वास लागला की लोकलची वाट बघणे परवडत नाही, म्हणून आपाने बाजूला ठेवलेल्या पैशांतून ही गाडी आली.

डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला होता. भाच्याने सगळी हकिकत सांगितली. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा तो एका गॅरेजमध्ये गेला. त्यांनी मशीन लावले, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" म्हणाले आणि साडेपाच हजार घेऊन नवा बसवला. आठव्या दिवशी दिवा पुन्हा हजर. मग तो दुसऱ्या गॅरेजमध्ये गेला. तिथला सल्ला असा, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाद झालाय. काढून टाकू, साधा पाईप घालू. दिवा कायमचा बंद करून देतो. आणि जुन्या कन्व्हर्टरचे भंगारवाला चांगले पैसे देईल."

"मी हो म्हणूनच आलो होतो," भाचा म्हणाला. "अम्मी बोलली, आधी मामूंना विचार."

वाचक बंधू-भगिनींनो, माझी तीस वर्षे वर्कशॉपमध्ये गेली. या पिवळ्या दिव्यापायी जितके पैसे वाया गेलेले मी पाहिले, तितके दुसऱ्या कशापायी क्वचितच पाहिले असतील. म्हणून या महिन्यात ही गोष्ट नीट समजून घेऊ.

सेन्सर म्हणजे साक्षीदार

एक किलो पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळते, कार्बन मोनॉक्साईड आणि न जळलेले इंधन धुरातून बाहेर जाते. हवा जास्त झाली तर इंजिन खोकते, ताकद कमी होते आणि नायट्रोजनचे ऑक्साईड वाढू शकतात. हे प्रमाण प्रत्येक क्षणी सांभाळण्याचे काम गाडीतला छोटा संगणक करतो. त्याला आपण ईसीएम म्हणतो. पण त्याला स्वतःचे डोळे नाहीत. सेन्सर जे सांगतील त्यावरच तो चालतो.

त्यातला मुख्य म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. सायलेन्सरच्या पाईपमध्ये, इंजिनजवळ, स्पार्क प्लगसारखा आटे पाडून बसवलेला असतो. त्याच्या टोकाला झिर्कोनियाची चिनी मातीसारखी टोपी असते. धुरात ऑक्सिजन कमी असला की नेहमीच्या प्रकारचा सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट दाखवतो, जास्त असला की ०.१ च्या आसपास. टोक सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात छोटा हीटरही असतो. बॉश कंपनीने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत बसला, तोही कॅलिफोर्नियातल्या धुराच्या कडक नियमांमुळे.

पुढे येतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ थर. भंगारवाला पैसे देतो तो याच धातूंसाठी. विषारी वायू या जाळीतून जाताना बरेचसे निरुपद्रवी होतात. कन्व्हर्टरच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढचा मिश्रणावर नजर ठेवतो, मागचा कन्व्हर्टर काम करतो की नाही ते बघतो. शिवाय इंजिनात किती हवा शिरली ते मोजणारा एक सेन्सर असतो. काही गाड्यांत तो हवेचा प्रवाह मोजतो, काहींत इनटेकमधला दाब.

आता मुख्य मुद्दा. दिवा लागला म्हणजे सेन्सर बिघडला असे नव्हे. बहुतेक वेळा सेन्सर आपले काम चोख करत असतो, म्हणूनच दिवा लागतो. गुन्हा दुसऱ्याचा असतो, साक्ष सेन्सरची असते. आणि आपण साक्षीदारालाच घराबाहेर काढतो.

कोड काय म्हणत होता?

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला की कोड वाचता येतो. मोबाईलला ब्लूटूथने जोडणारा साधा स्कॅनर हजार रुपयांच्या आत मिळतो. चार-पाच घरांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

भाच्याच्या गाडीत एकच कोड निघाला, पी ०१७१. त्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. सेन्सर बिघडल्याचे कोड वेगळे असतात, पुढच्या सेन्सरसाठी साधारण पी ०१३० ते पी ०१३५ आणि मागच्यासाठी पी ०१३६ ते पी ०१४१. कन्व्हर्टर कमजोर झाल्याचा कोड बहुधा पी ०४२० असतो. यातला एकही नव्हता. म्हणजे पहिल्या गॅरेजने चांगला सेन्सर काढला आणि दुसरे चांगला कन्व्हर्टर काढायला निघाले होते.

मग फ्युएल ट्रिम पाहिला. ईसीएम ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देत आहे, ते या आकड्यावरून कळते. तो शून्याच्या आसपास असावा, दहापर्यंत वर-खाली चालतो. इंजिन नुसते चालू असताना इथे चोवीस टक्के होता. ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाचे फेरे अडीच हजारांवर नेले की सहावर येत होता. ही खूण मोलाची आहे. कुठून तरी चोरून हवा आत येत असेल, तर इंजिन हळू चालताना तिचा परिणाम मोठा दिसतो. इंजिन जोरात हवा ओढू लागले की तीच चोरीची हवा एकूण हवेच्या मानाने किरकोळ ठरते.

या गाडीत हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या पाईपवर आहे. त्याच्या पुढे कुठे भोक पडले की न मोजलेली हवा शिरते. रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावून दुसरे टोक इंजिनवर फिरवले. मॅनिफोल्डच्या मागे बारीक फुसफुस ऐकू आली. बोटभर जाडीची एक व्हॅक्यूम नळी होती, तिच्यावर दातांच्या खुणा आणि चण्याएवढे भोक.

उंदीर! पावसाळ्यात खाचरे भरली की उंदीर कोरडी जागा शोधतात, आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाइतकी उबदार जागा त्यांना कुठे मिळणार? नेरळपासून खालापूरपर्यंत शेताच्या कडेला गाडी लावणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

नवी नळी एकशे वीस रुपयांना आली. ट्रिम चारवर आला. कोड पुसला, दिवा गेला. पहिल्या गॅरेजने काढलेला जुना सेन्सर डिकीतच पडून होता. तपासला, ठणठणीत होता.

कन्व्हर्टर काढला असता तर?

दिवा कदाचित विझवलाही असता. ईसीएमला फसवणारी साधने बाजारात मिळतात. पण नळी फाटलेलीच राहिली असती आणि गाळला न गेलेला धूर अंगणात सुटला असता. ज्या माणसाच्या श्वासासाठी गाडी घेतली, तोच माणूस त्या धुराजवळ बसला असता. नायट्रोजनचे ऑक्साईड दम्याच्या रोग्याचा त्रास वाढवतात. कार्बन मोनॉक्साईडला तर वासही नसतो.

काही जण म्हणतील, पीयूसी पास झाली की झाले. पण पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन पाहतात, नायट्रोजनचे ऑक्साईड मोजत नाहीत. म्हणून पीयूसी काढावी जरूर, बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना ती वर्षातून एकदा लागते आणि नसेल तर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण ती दिव्याला पर्याय नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीच्या मॉडेलची चाचणी होते, ती कन्व्हर्टर आणि सेन्सर जागेवर असताना. ते काढले की ती गाडी मंजुरी मिळालेली गाडी राहत नाही. मोटार वाहन कायद्यालाही असा बदल मान्य नाही.

डिझेल आणि सीएनजीवाल्यांसाठी

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. त्याच्या पुढचा आणि मागचा दाब मोजणारा एक सेन्सर आणि तापमानाचे सेन्सर त्याच्यावर नजर ठेवतात. काजळी साठली की गाडी स्वतःच धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेऊन ती जाळते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे सलग, एका वेगात गाडी चालावी लागते. भिवपुरी ते कर्जत बाजार आणि परत, एवढीच रोजची फेरी असेल तर फिल्टर तुंबणारच. डीपीएफचा दिवा लागला तर घाबरू नका. चौक किंवा खोपोलीच्या बाजूने हायवेला जा आणि अर्धा तास एका लयीत गाडी चालवा. मात्र दिवा लागूनही आठवडाभर दुर्लक्ष केले, तर काम गॅरेजमध्ये जाते आणि खर्च वाढतो. युरियाचे द्रावण लागणारी गाडी असेल तर ते सीलबंदच घ्या. त्यात पाणी मिसळू नका.

सीएनजी किट बाहेरून बसवले असेल तर दिवा लागल्यावर आधी गाडी पेट्रोलवर चालवून पाहा. पेट्रोलवर सगळे ठीक आणि गॅसवरच कोड येत असेल, तर दोष बहुधा किटच्या ट्यूनिंगमध्ये असतो, सेन्सरमध्ये नाही.

घरात सर्वांना सांगून ठेवा

१. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. सुरुवातीला लागलाच नाही, तर कोणीतरी तो तोडला किंवा झाकला आहे. सेकंडहँड गाडी घेताना हे पहिले पाहा.

२. दिवा स्थिर असेल तर गाडी जपून घरी आणा आणि दोन-चार दिवसांत कोड वाचून घ्या. लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबा. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघतो.

३. कोड पुसण्याआधी वहीत लिहा, तारीख आणि किलोमीटरसह. बॅटरीची वायर काढून दिवा घालवणे म्हणजे पुरावा पुसणे.

४. मेकॅनिकला "सेन्सर बदला" असे सांगू नका. "कोड कोणता, आणि तो का आला?" असे विचारा.

५. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग वेळेवर बदला. इंजिन ऑईल किंवा कूलंट कमी होत असेल तर आधी ते कारण शोधा. जळलेले तेल आणि कूलंट सेन्सरच्या टोकावर बसून त्याला मारतात. साधा सिलिकॉन सीलंटही त्याला घातक आहे. सेन्सरला चालणाराच सीलंट वापरायला सांगा.

६. हवा मोजणारा सेन्सर पेट्रोलने किंवा कापडाने पुसू नका. त्याचा वेगळा स्प्रे मिळतो.

७. पावसात रस्त्यावर साचलेल्या खोल पाण्यात गाडी घालू नका. तापलेल्या सेन्सरवर थंड पाणी बसले तर आतली टोपी तडकू शकते.

८. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बोनेट उघडून पाहा. लेंड्या, गवत किंवा कुरतडलेले रबर दिसले तर दिव्याची वाट पाहू नका.

सेन्सर कधीच मरत नाही असे मी म्हणत नाही. हीटर असलेला ऑक्सिजन सेन्सर साधारण दीड लाख किलोमीटर टिकतो, मग सुस्त होतो. त्याचा कोड आला आणि वायर-कनेक्टर तपासून झाले, तर जरूर बदला. पण शेवटी, सुरुवातीला नाही.

भाच्याने आता डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर लिहिले आहे, "पी ०१७१, उंदीर, १२० रुपये." त्याखाली आपाच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे, "आणि ५५०० फुकट."

पुढच्या महिन्यात बॅटरीबद्दल बोलू. तोवर आज संध्याकाळी गाडीत बसाल तेव्हा चावी फिरवून पिवळा दिवा लागतो आणि विझतो का, एवढे मात्र पाहा.