आकाशचा पडदा कोणत्या रुमालात?

या धाग्यात आपण नेहमी दफ्तरांचा आधार घेतो. आज दफ्तराच्या मांडणीविषयीच लिहितो. मात्र हे दफ्तर पुण्याचे नव्हे, लिनक्सच्या कर्नेलचे आहे.

पेशवे दफ्तरातले काही रुमाल प्रांतावरून बांधलेले, उदाहरणार्थ प्रांत अजमासाचे; काही खात्यावरून, जसे चिटणिसी. कागद कोणत्या रुमालात पडला यावर तो पुढे कोणाच्या हाती लागणार, हे बरेचसे ठरते. कर्नेलच्या सोर्स ट्रीत, म्हणजे त्याच्या कोडच्या फोल्डरवार मांडणीत, ड्रायव्हर कोठे ठेवावा हा प्रश्न अगदी याच जातीचा आहे. ड्रायव्हर म्हणजे विशिष्ट यंत्रभागाची भाषा जाणणारा कोड. तो यंत्राच्या निर्मात्याच्या नावाखाली ठेवायचा, की यंत्राच्या कामाखाली?

सप्टेंबर १९९१ मध्ये लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती आली, तेव्हा हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. हार्ड डिस्क आणि कीबोर्ड यांचा कोड ‘कर्नेल’ नावाच्या एकाच फोल्डरात, शेड्युलरच्या शेजारी नांदत होता. मार्च १९९४ मध्ये १.० आली तोवर ‘ड्रायव्हर्स’ हे स्वतंत्र फोल्डर झाले होते आणि त्याच्या पोटात ब्लॉक, कॅरेक्टर, नेट, स्कझी, साउंड अशी घरे पडली होती. विभागणी कामावरून झाली. माझ्या मते लिनक्सच्या दीर्घायुष्यात या निर्णयाचा वाटा फार मोठा आहे. नेटवर्क जाणणारा माणूस सगळ्या कंपन्यांचे नेटवर्क ड्रायव्हर वाचतो. दहा ठिकाणी तोच कोड दिसला की तो उचलून सामायिक ठिकाणी नेतो. पुढे कंपनी बुडाली तरी तिच्या कार्डाचा ड्रायव्हर जाणत्यांच्या नजरेखाली राहतो. २०११ साली इथरनेटचे ड्रायव्हर कंपनीवार लावले गेले खरे, पण नेटवर्कच्याच घरात: आधी काम, मग कुळ. हा क्रम उलटला की काय होते, ते आर्मच्या दालनात दिसले.

मोबाइलच्या चिपा आर्म घराण्याच्या. प्रत्येक चिपनिर्मात्याने ‘आर्च/आर्म’खाली आपला स्वतंत्र सुभा थाटला आणि प्रत्येक बोर्डासाठी वेगळी सी फाइल लिहिली. कोणत्या पिनेला काय जोडले आहे, एवढेच सांगण्यासाठी! मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर संताप व्यक्त केला. मग ही जोडणीची माहिती कोडमधून काढून ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वर्णन-फाइलींत न्यायचे आणि ड्रायव्हर आपापल्या कामाच्या घरी पाठवायचे, हे धोरण आर्मसाठी रुजले.

हे सारे परदेशी लोकांचे भांडण वाटेल. पण भाईंदरहून पवई ती किती लांब? ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ या स्वस्त सरकारी टॅबलेटचे प्रकाशन झाले. प्रकल्पाची धुरा आयआयटी मुंबईकडे होती. आत ऑलविनर या चिनी कंपनीची ए-१३ चिप होती आणि वर अँड्रॉइड. आयआयटीच्या चमूने मेमरी कार्डावरून त्यावर पूर्ण लिनक्सही चालवून दाखवले, हे कौतुकास्पदच होते. परंतु ज्या कर्नेलवर ते चालत होते, ते मुख्य झाडातले नव्हते. ऑलविनरच्या चिपांसाठी बाहेर वाढवलेल्या फांदीचे होते. त्या फांदीत पिनांची माहिती कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेली असे. डिव्हाइस ट्रीशी तिचे नाते नव्हते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये, ३.८ आवृत्तीत, ए-१३ ला मुख्य झाडात प्राथमिक जागा मिळाली. पडद्याच्या ड्रायव्हरला मात्र जुलै २०१६ मधील ४.७ ची वाट पाहावी लागली. पडद्यावाचून टॅबलेट म्हणजे पाटीच, तीही न उमटणारी. ते काम मॅक्सिम रिपार्ड या फ्रेंच अभियंत्याने केले, आणि त्यामागे आकाश नव्हता. ‘चिप’ नावाच्या एका छोट्या अमेरिकी संगणकातली चिप ए-१३ चीच बहीण होती, म्हणून. तोवर आपल्याकडे आकाशची चर्चाही मावळली होती.

मुदत होती, स्वस्ताईची सक्ती होती, मुख्य झाडात कोड शिरायला परीक्षणाच्या अनेक फेऱ्या लागतात: हे आक्षेप मला मान्य आहेत. पण नेमक्या त्या फेऱ्यांतच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे खरे शिक्षण होते, आणि आकाश तर विद्यार्थ्यांसाठीच होता. सार्वजनिक पैशाने खरेदी होणाऱ्या यंत्राच्या निविदेत किंमत, बॅटरी, पडद्याचे इंच सारे लिहिले जाते. ‘ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्ये असावेत किंवा पुरवठादाराने ते तेथे पाठवावेत’ हे एक वाक्य त्यांत घालण्यास कागदाखेरीज काही खर्च नाही. यंत्र महाग पडेल असे कोणी म्हणेल, थोडे पडेलही. पण अद्ययावत कर्नेल न मिळाल्याने दोन-तीन वर्षांत कपाटात जाणारे यंत्र कोणत्या हिशेबाने स्वस्त म्हणायचे?

ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे त्यांनी कर्नेलच्या झाडात ‘ड्रायव्हर्स’, मग ‘जीपीयू’, मग ‘डीआरएम’ आणि शेवटी ‘सन४आय’ हे फोल्डर उघडावे. ए-१३ चा पडदा तेथे नांदतो आहे. कोणती ओळ कोणी, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणाने लिहिली, हेही त्या दफ्तरात नोंदलेले आहे. मोडी वाचता येत नसली तरी चालेल.