लेकराची पहिली नोकरी आणि आई-बाबांचं शेवटचं घर

भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या मराठी घरांत शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आता पुण्याला निघ." कंपनी कोणती, काम कसलं, हातात किती पडणार, हे सगळं नंतर. शहर आधीच ठरलेलं असतं. पोरगं तिकडे रुळलं न रुळलं तोच दुसरं वाक्य येतं : "मग आपणही तिकडेच एक फ्लॅट घेऊन टाकू." माझा विरोध या दोन्ही वाक्यांना आहे, आणि पहिल्यापेक्षा दुसऱ्याला जास्त.

आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडतो, कारण त्यात दम आहे. १९५५ च्या फेब्रुवारीत भिलाई स्टील प्लांटसाठी (बीएसपी) सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या आपल्या आजोबांना तेव्हा शहर निवडावं लागलं नाही. प्लांटची नोकरी लागली की क्वार्टर, शाळा, दवाखाना सगळं सोबत आलं. आज ते उरलेलं नाही. २०१८ मध्ये विस्तारित प्लांट राष्ट्राला अर्पण झाला, उत्पादनाची क्षमता वाढली, पण कायम कामगारांची संख्या घटत गेली आणि ठेकेदारीची वाढली. बीएसपीच्या भरवशावर पोरांनी बसून राहावं, असं कोणताही शहाणा माणूस सांगणार नाही. मोठ्या शहराचं एक बळ तर मी विनातक्रार मान्य करतो : तिथे एक नोकरी गेली तर घर न हलवता दुसरी शोधता येते, आणि नवरा-बायको दोघांनाही आपापलं काम मिळू शकतं. एका कारखान्याभोवती वसलेलं गाव हे देऊ शकत नाही.

पण यातून 'पुणे' हा निष्कर्ष कसा निघतो? निघतो तो एवढाच, की तुझं काम जिथे आहे तिथे जा. सॉफ्टवेअर करणाऱ्याने पुणे, हैदराबाद, बेंगळुरू यांची तुलना करून ठरवावं, ते बरोबरच आहे. मेटलर्जी किंवा मेकॅनिकल शिकलेल्याने मात्र पुण्याच्या हिंजवडीत भलत्याच कामाला बसण्याआधी रायपूरजवळचं सिलतरा आणि उरला पाहावं, रायगढ, राउरकेला, जमशेदपूर पाहावं. रोलिंग मिलचं काम मिलच्या फ्लोअरवरच शिकता येतं, आणि भिलाईत वाढलेल्या पोराला त्या जगाची भाषा जन्मापासून येते. चार वर्षं शिकलेलं पहिल्याच नोकरीत टाकून द्यायचं, तेही केवळ शहराच्या नावासाठी, हे मला पटत नाही. वकिली करायची असेल तर २००० पासून छत्तीसगडचं उच्च न्यायालय बिलासपूरला आहे. भिलाईत वाढलेल्या अनुराग बसूंना सिनेमासाठी मुंबई गाठावी लागली, कारण ते काम मुंबईतच होतं. इथल्याच गनियारी गावच्या तीजनबाईंची पंडवानी (महाभारतकथेचं लोकगायन) मात्र इथल्याच मातीतून जगभर गेली, आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. कोणाला जावं लागलं आणि कोणाला नाही, हे दोन्हीकडे कामानेच ठरवलं.

मुलींच्या बाबतीत एक वेगळाच दंडक दिसतो. मुलगा कुठेही चालतो. मुलीला मात्र "पुण्यात आपली माणसं आहेत" म्हणून तिथेच. जमशेदपूरची चांगली ऑफर अशी सोडायला लावणं हा अन्याय आहे. सुरक्षितता हवी तर राहण्याची जागा, कंपनीची बस, शिफ्टच्या वेळा यांची चौकशी करा. मावशी त्या शहरात राहते एवढ्याने ती मिळत नाही.

"पण मराठी माणसाने मराठी मुलखात राहावं," असंही म्हणतात. आपण इथे परमुलखात अडकून पडलो आहोत, हा समजच मुळात चुकीचा आहे. १९५६ पर्यंत आपला दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचं. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले; नागपूर सोडून १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात आले आणि त्यांच्या लेखनातला फार मोलाचा भाग त्या लहान गावात पुरा झाला. तो हिंदीत झाला हे खरं, पण मोठं काम मोठ्या शहरातच होतं, हे मात्र त्याने खोटं ठरतं. मराठीचंच म्हणाल, तर मल्याळी, बंगाली, तेलुगू शेजाऱ्यांच्या मधे राहून आपल्या मुलांची मराठी टिकली ती घरात आजी बोलत होती म्हणून. घरात कोणी बोलणार नसेल तर पुण्यातल्या आयटी कंपनीत ती आपोआप टिकणार नाही.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो. खरं दुखणं तिथे आहे. सेक्टर ६ मधलं घर आपलं नाही, कंपनीचं आहे. साठाव्या वर्षी नोकरी संपते आणि क्वार्टर सोडण्याचा प्रश्न दारात उभा राहतो. मागच्या अंगणात स्वतः लावलेला आंबा सोडून जायचं, पण कुठे, हे ठरलेलं नसतं. नेमक्या त्याच सुमारास मुलगी किंवा मुलगा कॉलेजातून बाहेर पडतो. मग बावीस वर्षांच्या लेकराच्या पहिल्या नोकरीवर अख्ख्या घराच्या निवाऱ्याचं ओझं येतं. पीएफ आणि ग्रॅच्युइटीची जन्मभराची रक्कम पुण्यात वाकडच्या किंवा वाघोलीच्या फ्लॅटमध्ये जाते, आणि वर कर्ज पोराच्या नावावर.

पुढे काय होतं ते मी अनेक घरांत पाहिलं आहे. लेकरू दोन-तीन वर्षांत हैदराबादला जातं किंवा परदेशी, आणि आई-बाबा सातव्या मजल्यावर अनोळखी सोसायटीत उरतात. नाहीतर उलट : फ्लॅट आहे म्हणून ते चांगली संधी नाकारतं, आणि ती खंत कोणी बोलून दाखवत नाही.

"आता नाही घेतलं तर पुढे भाव परवडणार नाहीत," हा शेवटचा युक्तिवाद. चुकीच्या शहरात घेतलेला फ्लॅट स्वस्त पडत नाही. तो विकायचा तर दलाली जाते, नव्या घरासाठी पुन्हा मुद्रांक शुल्क भरावं लागतं, आणि भाड्याने द्यायचा तर भिलाईतून भाडेकरू सांभाळावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की लेकराच्या कामाचं शहर आणि आई-बाबांच्या निवृत्तीचं शहर हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि ते वेगळेच घ्यावेत. लेकराने कागदावर मांडावं : भाडं, अनामत, जाण्यायेण्याचे तास वजा करून काय उरतं, काम शिकवणारं कोणी आहे का, ही कंपनी बंद पडली तर त्याच शहरात दुसरं दार आहे का. पहिली काही वर्षं भाड्याने राहावं. आई-बाबांनी स्वतःसाठी पाहावं : निवृत्तांना कंपनीच्या सेक्टर ९ मधल्या रुग्णालयात उपचार मिळतात, तीस वर्षांचे शेजारी रिसाली, स्मृतीनगर, नेहरूनगर किंवा दुर्गच्या पद्मनाभपूरमध्ये स्थिरावलेत. नातेवाईक नागपूरला असतील तर तेही रेल्वेने चार-पाच तासांवर आहे. पुण्याला आझाद हिंद एक्सप्रेसने वीसेक तास लागतात. म्हातारपणी लेकरांजवळ जावंसं वाटणं अगदी रास्त आहे, आणि जरूर जावं. पण तेव्हा ती कुठे स्थिरावली आहेत हे माहीत असेल आणि पैसाही हातात असेल.

ज्यांच्या घरी यंदा निकाल आणि निवृत्ती एकाच वर्षी आली आहे, त्यांना हात जोडून विनंती : बिल्डरला टोकन देऊ नका. पीएफची रक्कम निदान दोन वर्षं बँकेत राहू द्या, आणि तोवर लेकराला त्याचं शहर शोधू द्या.