कपडेपटाची शाळा आपल्याकडे कधी?

अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात वर्षानुवर्षे ‘कॉस्च्युम कॉलेज’ भरत आले. नाव कॉलेजचे असले तरी ही वेशभूषेच्या हौशी मंडळींची काही दिवसांची परिषद. ‘कॉस्च्युमर्स गिल्ड वेस्ट’ ही संस्था ती भरवत आली. बेतणे, शिवणे, जुने पोशाख अभ्यासणे, असे वर्ग स्वयंसेवक घेत आले.

आपल्याकडे काय? ‘गांधी’साठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय भानू अथैया कोल्हापूरच्या. संगीत नाटकांपासून आपल्याकडे कपडेपटाची परंपरा आहे. पण अंगरखा कसा बेतायचा, शिवलेल्या नऊवारीचा काष्टा कसा बसवायचा, हे बरेचसे कारागिराच्या हातातच राहते. तो थकला की तेही जाते. नाट्यसंमेलनात एक दिवस या कारागिरांना शिकवायला बोलवा. मानधन मात्र द्या. हौस आपली, पोट त्यांचे आहे.