प्रश्न नव्हे, नमस्कार!

गतवर्षी शाळेत आलेल्या एका पाहुण्यांनी एका विद्यार्थ्याला हसतमुखाने विचारले, “व्हॉट्स अप?” मुलाने छताकडे पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगितले, “फॅन, सर!” सारा वर्ग खदखदून हसला, मीही हसलो. त्या दिवसापासून तो मुलगा इंग्रजीत तोंड उघडीनासा झाला. त्या हसण्याची खंत मला आजही वाटते. कारण चूक त्याची नव्हती. शब्दाचा अर्थ सांगून प्रसंग न सांगणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाची ती होती.

माझी मातृभाषा कोंकणी. तीत भेटलेल्या माणसाला “कितें म्हणटा?” असे विचारतात, मराठीतही “काय म्हणता?” म्हणतात. विचारणाऱ्याला तेथे भाषण ऐकावयाचे नसते. निरोप घेताना तर आपण “येतो” म्हणतो आणि चक्क निघून जातो! शब्दशः अर्थ घेणारा परकीय आपली वाट पाहत दारातच बसेल. इंग्रजांचे “हाऊ डू यू डू?” याच कुळातले, त्याचे रूढ उत्तर पुन्हा “हाऊ डू यू डू?” हेच. “हाऊ आर यू?”ला “फाइन, थँक यू” आणि “व्हॉट्स अप?”ला “नॉट मच” एवढे पुरते, तेथे कालचा ताप सांगत बसू नये. रात्री कोणी भेटले तरी “गुड ईव्हनिंग”च म्हणावे. “गुड नाइट” निरोपाचे. “गुड-बाय” हे तर “देव तुमच्याबरोबर असो” अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी वाक्याचे झिजलेले रूप. आमच्या “देव बरें करूं”चे ते भावंडच शोभते!

तारतम्य मात्र हवे. परसवाड्याच्या मुलांच्या कानी मराठी, हिंदी, गोंडी अशा अनेक बोली पडतात. “राम राम” कोणाला म्हणावे, “सेवा जोहार” कोणाला, हे ती व्याकरणावाचून जाणतात. मित्राला “काय रे!” म्हणणारा मुलगा आजोबांना तसे म्हणत नाही. तद्वत् “हाय” आणि “व्हॉट्स अप” सवंगड्यांसाठी. गुरुजनांपुढे किंवा मुलाखतीत “गुड मॉर्निंग”च शोभते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, अभिवादने शब्दकोशातून नव्हे, रोजच्या भेटीतून शिकवावीत. वर्गाची पहिली पाच मिनिटे त्यासाठी पुरेशी आहेत. आणि विद्यार्थिमित्रहो, चुकणाऱ्याला हसू नका. चुकलेला शब्द उद्या सुधारेल. मिटलेले तोंड पुन्हा उघडणे फार कठीण असते.